तूप, ऋण आणि नाकारलेली बढती

प्रश्न : ठाण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते येथे संक्षेपाने देत आहे. त्या त्रेचाळीस वर्षांच्या असून एका विमा कंपनीत अधिकारी आहेत. पती खासगी नोकरीत आहेत, मुलगी दहावीत आहे. त्यांना बढती देऊ केली आहे, पण बढतीबरोबर नागपूरला बदली आहे. गेली काही वर्षे त्या दर शनिवारी सकाळी शास्त्रीय गाणे शिकतात, पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर सह्याद्रीत भटकतात, आणि चांगल्या खाण्याची त्यांना आवड आहे. हे सारे सोडून जाण्याची इच्छा नसल्याने बढती नाकारावी असे त्यांच्या मनात आहे. गणपतीत सगळे घर जमलेले असताना थोरल्या भावाने सर्वांदेखत "तू पक्की हेडोनिस्ट झाली आहेस" असे सुनावले आणि वर "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्" (कर्ज काढून तूप प्यावे) हा चार्वाकाचा, म्हणजे प्राचीन भारतीय जडवादी पंथाचा, श्लोक ऐकवला. पंचाईत अशी की समाजमाध्यमावरच्या आपल्या परिचयात हाच शब्द त्यांनी स्वतः हौसेने लिहून ठेवलेला होता. पती "तुझे तू ठरव" म्हणतात, परंतु वाढीव पगाराच्या जोरावर दुसऱ्या फ्लॅटसाठी कर्ज घ्यावे अशी त्यांची इच्छा आहे. आई भावाकडे असते. तिने जन्मभर स्वतःसाठी काहीच घेतले नाही, ही बोचणी वेगळीच. मुलगी विचारते, "आई, हेडोनिस्ट म्हणजे नक्की काय?" पत्रलेखिकेचे प्रश्न असे : ही शिवी आहे की तत्त्वज्ञान? तो शब्द काढून टाकावा का? बढती नाकारणे हा स्वार्थ ठरेल का? कार्यालयाला उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांआधी मी मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणार आहे, कारण साऱ्या घरात नेमका प्रश्न तिनेच विचारला आहे. आपल्या बंधूंनी तो शब्द टोमणा म्हणून वापरला, आपण तो बिरुद म्हणून मिरवला, आणि दोघांनीही त्याचा अर्थ एकच धरून चाललात : मनाला येईल ते करणे, हवे ते खाणे, उद्याची फिकीर न बाळगणे. आज तो अर्थ रूढ आहे हे खरे. परंतु ज्यांनी सुखाचे तत्त्वज्ञान रचले, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो आपला म्हणून ओळखताही आला नसता.

ग्रीक भाषेत 'हेडोने' म्हणजे सुख, आनंद. त्याच्या जोडीचे विशेषण 'हेडिस', म्हणजे गोड, रुचकर. हा शब्द आणि संस्कृतातील 'स्वादु' हे दोन्ही एकाच प्राचीन धातूपासून आले, असे भाषाशास्त्र सांगते. शब्दाच्या आरंभीच्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो, जसा आपल्या 'सप्त'च्या जागी तिकडे 'हेप्ता' येतो. म्हणजे बंधूंनी परका म्हणून आपल्या अंगावर फेकलेला शब्द आपल्याच 'स्वादा'चा लांबचा भाऊबंद निघतो. 'हेडोनिझम' हे त्याचे 'इझम' लावलेले रूप मात्र पुष्कळ अलीकडचे. इंग्रजीत ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुळले. ज्या प्राचीनांना आज आपण हा शब्द चिकटवतो, त्यांची ओळख त्या काळी गावाच्या किंवा गुरूच्या नावाने होत असे. मराठीत याच अर्थाने 'सुखवाद' हा शब्द वापरला जातो, आणि तो भारदस्तपणे भेटतो तो लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'त. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे चौथे प्रकरणच 'आधिभौतिक सुखवाद' या नावाचे आहे. टिळकांना तो वाद शेवटी अपुरा वाटतो, तरी ते सगळ्या सुखवाद्यांना एकाच पोत्यात घालत नाहीत. केवळ स्वतःपुरते पाहणारा चार्वाक, दूरवरचा स्वार्थ जाणणारा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज, बहुजनांच्या सुखाचा हिशेब मांडणारे बेंथॅम आणि मिल हे त्याचेच देशबांधव, अशा पायऱ्या लावून ते प्रत्येकाची स्वतंत्र झडती घेतात. घरच्या माणसाला नाव ठेवताना एवढी तसदी घ्यायला हरकत नव्हती.

या पंथाचा पहिला मोठा माणूस अॅरिस्टिपस. तो सायरीनी या ग्रीक वसाहतीतला. ही जागा आज लिबियात येते. सॉक्रेटिसची कीर्ती ऐकून तो अथेन्सला आला आणि त्याच्या मंडळीत सामील झाला. आत्ताचे, या क्षणाचे, देहाला जाणवणारे सुख हेच चांगले, असे त्याच्या पंथाचे मत, आणि रूढ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा प्राचीन सुखवादी तोच. तरीही त्याच्या नावावर सांगितले जाणारे प्रसिद्ध वचन संयमाचे आहे : सुखे माझ्या ताब्यात आहेत, मी त्यांच्या ताब्यात नाही, अशा आशयाचे. आपल्या मुलीला मात्र त्याच्या घराण्याची गोष्ट अधिक आवडेल. अॅरिस्टिपसने आपले तत्त्वज्ञान मुलीला, अरीटीला शिकवले. तिने ते आपल्या मुलाला शिकवले, आणि त्या नातवाला पुढे 'आईने शिकवलेला' असेच टोपणनाव पडले. सुखाचे शास्त्र एका आईने मुलाला दिले आणि पंथ पुढे चालला, हे आपल्याकडच्या किती 'सुखवाद्यां'ना ठाऊक असेल!

याच पंथात हेजिसियस नावाचा एक शिक्षक झाला. सुख हेच एकमेव चांगले असेल, तर आयुष्यात ते मिळते कितीसे, असा हिशेब त्याने केला आणि बेरीज इतकी निराशाजनक आली की सुखी जीवन अशक्यच आहे असे तो शिकवू लागला. अलेक्झांड्रियात टॉलेमी राजाने त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, असे रोमन लेखक सिसेरो सांगतो. "सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे" म्हणणारे आपले तुकोबा तिथून विठ्ठलाकडे वळले. हेजिसियसपाशी वळायला जागा नव्हती. केवळ सुख मोजत बसणारा माणूस कुठे जाऊन पोहोचतो, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे, आणि पुढे त्याचा उपयोगही होणार आहे.

आता एपिक्युरस. आपल्याला या सगळ्या मंडळींत खरा उपयोगी पडेल तो हाच. इसवी सनापूर्वी ३४१ च्या सुमारास सेमॉस बेटावर त्याचा जन्म झाला, आणि इ.स.पू. ३०६ च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये एक बाग घेऊन तेथे आपली शाळा थाटली. त्या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिकत, ही त्या काळी बोटे मोडावीत अशीच गोष्ट होती. सुख हे जीवनाचे ध्येय आहे असे तो स्पष्ट म्हणतो. पण सुख म्हणजे काय, हे सांगताना देहाला वेदना नसणे आणि मनाला अस्वस्थता नसणे, एवढीच मर्यादा घालतो. मिनीसियस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो बजावतो की सुख म्हणताना आमच्या मनात मद्यपानाच्या बैठका आणि मासळीने भरलेली श्रीमंत ताटे नसतात. कशाचा स्वीकार करावा आणि कशाचा त्याग, याची शांतपणे छाननी करणारी बुद्धीच सुखाचे जीवन घडवते. त्याचा आहार पाण्यावर आणि साध्या भाकरीवर भागत असे. एका मित्राला त्याने लिहिलेली ओळ प्रसिद्ध आहे : चीजचे एक मडके पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मला मेजवानी करता येईल. मूतखड्याच्या असह्य वेदना चौदा दिवस सोसून तो गेला. शेवटच्या दिवशी लिहिलेल्या पत्रात, मित्रांशी झालेल्या जुन्या संवादांच्या आठवणीचा आनंद या वेदनांसमोर मी उभा केला आहे, असे तो लिहितो.

अशा माणसाच्या नावावरून युरोपात 'एपिक्युरियन' हा शब्द खवय्यांना लागला, आणि ज्यू परंपरेत 'अपिकोरोस' म्हणजे पाखंडी ठरला. विरोधकांनी लिहिलेले चरित्र हेच लोकांनी खरे मानले की असे होते. चार्वाकाच्या बाबतीत आपल्याकडे नेमके तेच घडले.

बंधूंनी ऐकवलेला श्लोक आज आपल्याला भेटतो तो मुख्यतः 'सर्वदर्शनसंग्रह' या चौदाव्या शतकातील, माधवाचार्यांच्या नावावर असलेल्या ग्रंथातून. ग्रंथकर्ते वेदान्ती. पहिलेच प्रकरण चार्वाक दर्शनाचे, आणि तेही खंडन करण्यासाठी मांडलेले. चार्वाकांचे स्वतःचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. इतरांनी खोडून काढण्यासाठी जे तुकडे उद्धृत केले, त्यावरूनच त्यांचे मत जुळवावे लागते. आता गंमत पाहा. त्या प्रकरणाच्या आरंभी हाच श्लोक वेगळ्या रूपात येतो : "यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः". जिवंत आहोत तोवर सुखाने जगावे, मृत्यूच्या नजरेआड कोणीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. येथे ऋण नाही आणि तूपही नाही. ते दोन्ही प्रकरणाच्या शेवटाकडे दिलेल्या श्लोकात अवतरतात, आणि लोकांच्या ओठी तेवढेच राहिले. एकाच ग्रंथात एकाच वचनाची दोन रूपे असताना, ज्यात माणूस उधळ्या दिसतो ते रूप गाजावे, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.

त्याच प्रकरणात चार्वाकाच्या तोंडी एक अतिशय समंजस युक्तिवाद आहे. सुखाबरोबर दुःख येते म्हणून सुख टाकणे हा मूर्खपणा आहे, असे तो म्हणतो. हरणे चरून जातील म्हणून कोणी भात पेरायचा थांबत नाही, आणि भिकारी दारी येतील म्हणून कोणी चुलीवर भांडे चढवायचे राहत नाही. हा उधळ्याचा स्वर वाटतो का? मला तर तो चार पावसाळे पाहिलेल्या शेतकऱ्याचा स्वर वाटतो.

एवढा इतिहास सांगितल्यावर आपल्या घरात येतो. आपल्या पत्रातून मला जे दिसते त्याप्रमाणे, ऋण काढून तूप पिण्याचा बेत आपला नाहीच. गाण्याची शिकवणी, एसटीने किंवा लोकलने गाठलेला एखादा गड, महिन्यातून एकदा बाहेरचे जेवण, हे सगळे आपण हातातल्या पगारातून भागवता. कर्जाचा बेत आहे तो दुसऱ्या फ्लॅटचा. आपल्याकडे वीस वर्षांच्या हप्त्याला 'जबाबदारी' म्हणतात आणि गाण्याच्या मैफलीच्या तिकिटाला 'चैन'. ही नावे कोणी ठेवली, हे तपासून पाहायला हवे. फ्लॅट घेणे चूक आहे असे मी म्हणत नाही. ते सुख नसून कर्तव्य आहे, हा जो आव असतो तो तेवढा मला मान्य नाही. मालकीची सुरक्षितता हेही सुखच आहे, फक्त ते पुढे ढकललेले आहे. वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त खोडून काढण्यासाठी का होईना, लोकायतिकांचे, म्हणजे चार्वाकपंथीयांचे, एक वचन दिले आहे : "वरमद्य कपोतः श्वो मयूरात्", उद्याच्या मोरापेक्षा आजचे कबूतर बरे. प्रत्येक वेळी हे खरे असते असे नाही, आणि मुलीचे शिक्षण किंवा आपले म्हातारपण यांच्या बाबतीत तर अजिबात नाही. परंतु मोर येईल याची खात्री कितपत, हा प्रश्न विचारणे गैर नव्हे.

आता आपल्याविषयी. रागावणार नसाल तर आपल्याच पत्रातल्या दोन गोष्टी दाखवतो. आपण लिहिता की मागच्या दिवाळीत हप्त्यावर एक महागडा कॅमेरा घेतला आणि तो सध्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, डब्यात पडून आहे. त्याला आपण पत्रात एक ओळ दिली आहे. गाण्याला मात्र जवळजवळ पान दिले आहे : भूपाचा गंधार नीट लागेपर्यंत गुरुजी पुढचा स्वर घेऊ देत नाहीत, अख्खा तास त्याच जागी जातो, आणि घरी परतताना गाडीत आपण तोच स्वर मनात घोळवत असता. आपला परिचय लिहिताना जो शब्द आपण वापरलात, तो या दोन्हींना सारखाच लागू होतो; आणि म्हणूनच त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. कॅमेरा हे सुख विकत घेण्याची कल्पना होती. गाण्यात सुख आहे, पण तासभर एकाच गंधाराशी झगडताना आपण सुखाच्या मागे लागलेल्या नसता. गंधाराच्या मागे लागलेल्या असता. हेन्री सिज्विक या इंग्रज तत्त्वज्ञाने १८७४ मध्ये यालाच सुखवादातील विरोधाभास म्हटले : सुखाची ओढ फार प्रबळ झाली की ती आपलेच उद्दिष्ट हुकवते. त्याच्याही आधी मिलने आत्मचरित्रात लिहून ठेवले की आपण सुखी आहोत का असे स्वतःला विचारले की सुख तिथेच थांबते. (आगरकरांच्या पिढीने मिल मोठ्या श्रद्धेने वाचला, त्याची ही बाजू मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली दिसत नाही.) हेजिसियसची बेरीज चुकली ती बहुधा येथेच.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपण लिहिता की आई भावाकडे असते. त्यापुढे एकच वाक्य : तिच्या गुडघ्यांमुळे तिला आता जिना चढवत नाही. ज्या घरात वृद्ध आई असते त्या घरातल्या मुलाला आणि सुनेला शनिवार कसा असतो, याची आपल्याला कल्पना असेलच. बंधूंनी सर्वांसमोर बोलायला नको होते, हे निःसंशय. परंतु 'तू हेडोनिस्ट आहेस' या वाक्यात 'आईचे सगळे माझ्याच अंगावर आहे' हे न बोललेले वाक्य दडलेले नाही ना, हे आधी पाहावे. असेल, तर चार्वाकाची बाजू मांडून काहीही साधणार नाही. महिन्यातले दोन-तीन दिवस आईला आपल्याकडे आणणे, किंवा डॉक्टर आणि फिजिओथेरपीच्या खर्चातला ठरावीक वाटा उचलणे, याविषयी त्यांच्याशी एकटे असताना बोलावे. तसे काही दडलेले नसेल, तर "दादा, तू मला काळजीपोटी बोललास की रागापोटी?" एवढे विचारले तरी पुरे. उत्तर कोणतेही आले तरी श्लोकावर वाद घालू नये. जिंकलात तरी त्यातून दिवाळीचे फराळाचे ताट कडू होण्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

आणि आईने जन्मभर स्वतःसाठी काही घेतले नाही, हे आपण ज्या खात्रीने लिहिता ती खात्री मला नाही. त्या पिढीतल्या बायकांना सुख मागण्याची मुभा नव्हती, हे खरे आणि दुःखद आहे. पण भुलाबाईची गाणी, दुपारचे रेडिओवरचे कार्यक्रम, माहेरपणाचे चार दिवस, शेजारणीबरोबर वाळवणे घालताना चाललेल्या गप्पा, हे काहीच नव्हते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तिला कशात गोडी वाटत असे, हे एकदा तिलाच विचारा. आपल्या सुखाची परवानगी मागण्यासाठी विचारू नका; तिच्यासाठी विचारा.

बढतीचा निर्णय घेताना एपिक्युरसचाच एक प्रश्न आपल्याला देतो. त्याच्या संग्रहित वचनांत तो असा येतो : प्रत्येक इच्छेपुढे हा प्रश्न ठेवावा, की जे मला हवे आहे ते मिळाले तर माझे काय होईल, आणि मिळाले नाही तर काय होईल. त्याने इच्छांचे तीन वर्गही केले होते : नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण आवश्यक नसलेल्या, आणि दोन्ही नसलेल्या, केवळ पोकळ मतांतून उपजलेल्या. अन्न, निवारा, मैत्री ही पहिल्या वर्गात. चविष्ट, महाग पदार्थ दुसऱ्यात. पुतळे उभारले जावेत ही इच्छा तिसऱ्यात. राहते घर असताना दुसरा फ्लॅट कोणत्या वर्गात येतो, हे पतींबरोबर बसून ठरवा. त्याचे उत्तर आपण दोघेच देऊ शकता, आणि ते 'पोकळ' असेच येईल असे मी गृहीत धरत नाही. मुलीसाठी किंवा आईसाठी तळमजल्यावरचे घर हवे असेल तर तो विचार पूर्णपणे वेगळा. 'तुझे तू ठरव' हे उत्तर मात्र स्वीकारू नका. ते ऐकायला उदार वाटते, पण त्यामुळे पुढे फ्लॅट न झाल्याचा दोष आपल्या एकटीच्या पदरात पडण्याची सोय होते.

मग कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडा. वाढीव पगारातून प्राप्तिकर वजा करा. नागपूरचे घरभाडे, तिथली वेगळी चूल, महिन्याकाठच्या ठाण्याच्या फेऱ्या आणि मुलीच्या दहावीत घरी लागणारी मदत वजा करा. उरेल ती खरी बढती. कित्येक घरांत ही बाकी पाहून सगळ्यांनाच आश्चर्य वाटते. दुसऱ्या बाजूला, बढती नाकारल्याने निवृत्तीनंतरच्या रकमांवर काय परिणाम होईल, तेही मांडा, कारण गाणे शिकणारी साठीतली बाई तिच्याच पैशाने औषध घेऊ शकली पाहिजे. आपत्कालीन खर्चासाठी काही महिन्यांची पुंजी, आणि नोकरीशी न बांधलेला आरोग्य विमा, ही दोन्ही आपल्याकडे नसतील तर शनिवारच्या आधी त्यांचा विचार करा. विमा कंपनीतल्या अधिकारी बाईंना मी हे सांगावे, हा थोडा उद्धटपणाच झाला. पण विम्यातल्या माणसांचेच स्वतःचे विमे राहून गेलेले मी पाहिले आहेत.

एक सोपी पळवाट आपल्यासमोर उघडी आहे, तिच्यापासून सावध राहा. मुलीच्या दहावीचे कारण आपण पुढे केले असते, तर बंधू चकार शब्द बोलले नसते. उलट 'किती करते मुलीसाठी' असे म्हटले असते. मुलीसाठी सोडलेली बढती हा त्याग, आणि गाण्यासाठी सोडलेली बढती ही चैन, हा आपल्या घरांमधला हिशेब आहे. दहावी हे खरे कारण असेल तर जरूर सांगा. नसेल, तर तिच्या आड लपू नका. वर्षभराने परीक्षा संपेल, बढतीचा विषय पुन्हा निघेल, आणि तोवर त्या मुलीच्या डोक्यावर 'माझ्यामुळे आईचे राहिले' हे ओझे बसलेले असेल. ती सोळा वर्षांची होईल. 'मला गाणे शिकायचे आहे आणि आपले भागते आहे, म्हणून मी ही जागा घेत नाही' हे वाक्य तिला समजते. हा स्वार्थ आहे का, असे आपण विचारता. आपण स्वतःला मोजणीत धरले आहे, इतकेच मला दिसते. आई, मुलगी, पती यांचा वाटा त्या मोजणीत नीट धरला आहे की नाही, हे वरच्या आकड्यांवरून आणि बंधूंशी होणाऱ्या बोलण्यावरून ठरेल. माझ्या किंवा चार्वाकाच्या शब्दावरून नव्हे.

परिचयातला तो शब्द माझ्या मते काढावा. लाज म्हणून नाही. आपण अॅरिस्टिपसच्या पंथाच्या नाही, एपिक्युरसच्या थोड्याफार जवळच्या आहात, आणि वाचणाऱ्याला यातले काहीच न कळता फक्त वाइनचा ग्लास आठवतो. त्या जागी 'गाणे शिकते, गड चढते' असे लिहिलेत तर ते खरेही असेल. ठेवायचाच असेल तर मुलीला त्याचा अर्थ नीट सांगता येईपर्यंत शिका, आणि मग ठेवा.

अशीच पत्रे आणखीही येतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडे. आपल्या आवडीला घरातून नावे ठेवली जात असतील, तर आधी पैसा, वेळ आणि दुसऱ्यावर पडणारा भार या तीन बाजूंनी ती आवड तपासा. तिन्हीकडे हिशेब चोख असेल तर नावांकडे दुर्लक्ष करायला शिका. कर्ज, दारू किंवा फोनवरची ऑनलाइन खरेदी आपल्या ताब्यातून सुटत चालली असेल, तर त्याला सुखवाद म्हणून झाकू नका, समुपदेशकाला भेटा. आणि याच्या अगदी उलट स्थितीकडेही लक्ष असू द्या : पूर्वी ज्यात रस वाटे त्या कशातच गोडी वाटेनाशी होणे. वैद्यकात याला 'अॅनहेडोनिया' म्हणतात, त्याच 'हेडोने'पासून तयार झालेला हा शब्द, आणि ते नैराश्याचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते. दोन आठवडे किंवा अधिक काळ असे होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे; सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

शेवटी मुदतीचे. अनेक ठिकाणी एकदा बढती नाकारली की ठरावीक काळ पुन्हा विचार होत नाही. आपल्या कंपनीचा नियम काय आहे, तो मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. बदली वर्षभर पुढे ढकलता येते का, किंवा मुंबई विभागातच त्या पदाची जागा रिकामी होणार आहे का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या, कारण हा पर्याय आपण पत्रात कुठेच विचारात घेतलेला दिसत नाही. नकारच द्यायचा ठरला तर कारण एका ओळीत, 'वैयक्तिक कारणास्तव' एवढेच लिहावे, पोच घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. बंधूंशी बोलणे त्याआधी झाले तर उत्तम.